ढोपराची धडक

टीव्हीवरचं चित्र सारखं खालून वर पळत होतं. त्यामुळे माणसांचे पाय वर आणि डोकी खाली दिसायची. रंग नव्हतेच. अमेरिकेत भरलेली कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर नीट लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. व्हीसीआर भाड्याने देणाऱ्यालाही नव्हतं. तो मधूनमधून टीव्हीला थाप मारून बघत होता.

"डॉक्टर," रघुनाथनाना म्हणाले, "हे डोक्यावर पातेले घालून चालले कुठी?"

"खेळतायत नाना. अमेरिकन फुटबॉल."

"फुटबॉल म्हनता, अन् चेंडू तर हातात घेऊन पळून राहिले."

याचं उत्तर अमेरिकनांकडेही नसावं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. धुळ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत आमच्या कबड्डी स्पर्धेच्या समितीची बैठक चालू होती. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांतले संघ या स्पर्धेत उतरत. मी हाडांचा डॉक्टर. समितीत माझं पद 'वैद्यकीय सल्लागार'. म्हणजे अंतिम सामन्याला पहिल्या रांगेत खुर्ची आणि छातीवर फुलाएवढा बिल्ला. सल्ला तोपर्यंत कुणी मागितला नव्हता. त्या वर्षी तो मी न मागता देणार होतो, म्हणून कॅसेट.

अध्यक्ष अप्पासाहेब मधल्या उंच खुर्चीत होते. त्यांचं कापसाचं जिनिंग होतं, आणि बोलायची हौस होती. खोलीत आम्ही डझनभर माणसं, तरी त्यांनी समोर माइक लावून घेतला होता. खोली इतकी लहान, की त्यांच्या तोंडातला आवाज आणि भोंग्यातला आवाज कानात एकदमच शिरे. टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं, थेट जमिनीवर लोळणारं. त्यावर बिस्किटांच्या बशा.

हे सगळं चाललं होतं ते मिलिंदच्या उजव्या गुडघ्यासाठी.

मिलिंद सोनगीरचा. उंच, काटक, लांब ढांगांचा. समोरच्या अंगणात दम घुमवत शिरायचा, कुणाला तरी बोट लावायचा आणि पाण्यातून मासोळी निसटावी तसा परत यायचा. आमच्या भागात त्याच्यासारखी चढाई करणारा दुसरा नव्हता. आदल्या हंगामात एका सामन्यात तो परत फिरताना कुणीतरी बाजूने येऊन त्याच्या गुडघ्यावर खांदा आपटला. तेव्हापासून तो माझा पेशंट.

गुडघा ही दाराची बिजागरी समजा. पुढे-मागे हलायला बनवलेली. आडवी हलवायला गेलात तर तिच्याकडे त्याची सोयच नाही. तिला आडवं हलू न देण्याचं काम दोन्ही बाजूंच्या चिवट पट्ट्या करतात. त्यांना आम्ही लिगामेंट म्हणतो. शिवाय आत खोलवर दोन दोऱ्या असतात, एकमेकींवरून तिरक्या गेलेल्या. मांडीचं हाड आणि पायाचं हाड त्या एकमेकांशी धरून ठेवतात. मिलिंदची आतल्या बाजूची पट्टी अर्धी फाटली होती, दोऱ्या वाचल्या होत्या. प्लास्टर घातलं. काढल्यावर पायाला वाळूची पिशवी बांधून मांडीचे व्यायाम करून घेतले. पट्टी जुळली. पण जुळलेली पट्टी मूळची नसते, आणि हे मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं.

स्पर्धा जवळ आली तेव्हा तो आईला घेऊन दवाखान्यात आला. म्हणजे खरं तर आई त्याला घेऊन आली होती.

"डॉक्टरसाहेब, याले तुम्हीच सांगा," शांताबाई म्हणाल्या. "आते खेळू नको म्हना. मन्हं ऐकत नही."

"माय, तू चूप बस ना जराशी." मग माझ्याकडे वळून, शहरातल्या मराठीत, "सर, ही एकच स्पर्धा. नाशिकचे एक साहेब फायनल बघायला येणार आहेत. त्यांच्या कारखान्याच्या संघात एक जागा आहे. संघात घेतलं की नोकरी पक्की."

"आणि गुडघा पुन्हा गेला तर?"

"नाही खेळलो तर नोकरी आत्ताच गेली ना, सर."

या युक्तिवादात मला खोट काढता येईना. मी म्हटलं, "समोरून कुणी पाय धरला तर तुझा गुडघा टिकेल. बाजूने खांदा बसला तर टिकणार नाही."

तो हसला. "मग तेवढं त्यांना सांगा ना, बाजूने मारू नका म्हणून. तुम्ही कमिटीत आहात."

तो चेष्टेत म्हणाला होता. मी मनावर घेतलं.

माझा आत्येभाऊ अमेरिकेत होता. मागच्या भेटीत तो तिकडच्या फुटबॉलविषयी बोलला होता. त्यांच्यात एक जण चेंडू लांब फेकतो. फेकताना त्याचा एक पाय जमिनीत रोवलेला, नजर लांब, आणि सगळं अंग उघडं. नेमकं तेव्हा कुणी त्याच्या गुडघ्यात शिरलं, तर त्याचा खेळ संपला. त्याला खालून मारू द्यावं की नाही यावरून तिकडे जोरात वाद चालतात, म्हणे. मी त्याच्याकडून कॅसेट मागवली. मला वाटलं, परदेशी पुरावा पाहिला की समिती वाकेल. परदेशी पुरावा उलटापालटा होऊन वर पळत होता.

तरी एक प्रसंग कसाबसा दिसला. फेकणारा उभा, खालून एक धिप्पाड माणूस लोळत येतो, आणि फेकणारा मधोमध मोडल्यासारखा पडतो.

"हे पाहा," मी म्हटलं. "परतताना आपल्या चढाई करणाऱ्याचं असंच होतं. सगळं वजन एका पायावर, पाऊल मातीत घट्ट, लक्ष मध्यरेषेकडे. मारणाऱ्याला तो दिसतो, त्याला मारणारा दिसत नाही. हाताने धरा. घोटा धरा, गुडघा धरा, मांडी धरा. पण गुडघ्यावर खांद्याने आदळू नका. एवढंच माझं म्हणणं."

"मंग कबड्डी कायले म्हनता?" रघुनाथनाना म्हणाले. "फुगडी म्हना."

लोक हसले. नाना जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, वऱ्हाडाला लागून असलेल्या बाजूचे. केळीचे मळे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि तालुक्यातला सगळ्यात चांगला संघ. त्या संघाचा डावा कोपरा सांभाळायचा गोकुळ. डावा कोपरा म्हणजे अंगणाच्या डाव्या टोकाला उभा राहणारा, पाय पकडणारा गडी. गोकुळ बुटका होता आणि खाली सूर मारण्यात पटाईत. माझा नियम झाला तर अर्धा गोकुळ घरी बसला असता, हे नानांना बरोबर कळलं होतं.

"डॉक्टर, मी तुमच्यासारखा शिकेल नाही," ते पुढे म्हणाले. "पन मले एक सांगा. तुमचा सोनगीरवाला सहा फुटाचा. माह्या गोकुळ त्याच्या छातीलोक येते. त्याने वरून धरायचं म्हटलं तर झाडाले लटकल्यासारखं दिसन. उंचाने वरून खेळावं, ठीक. बुटक्याने काय करावं? आरती ओवाळावी?"

"हाताने धरावं."

"धावत येते तो, तं हात कुठी अन् खांदा कुठी, हे काय मोजत बसते का? अन् मागून आपलाच गडी त्याच्यावर पडला तं? त्याचाही दोष?"

खरं सांगायचं तर हे प्रश्न चांगले होते. आत्येभाऊही म्हणाला होता की तिकडे हेच विचारतात. मोठ्या माणसाला लहान माणसाने कुठे अडवायचं? ढकलला गेलेला आणि मुद्दाम आलेला ओळखायचा कसा? आणि फेकणाराच एवढा लाडका का? माझं मत असं, की तिकडे गुडघ्यापेक्षा तिकिटं जास्त जपतात. लोक त्याला बघायला येतात. पण कारण काही असो, गुडघा वाचत असेल तर मला चालणार होतं.

वाद वाढला. बिस्किटं संपली. अप्पासाहेब दोनदा "शांतता" म्हणाले, आणि दोन्ही वेळा भोंगा किंचाळला. अखेर नानांनी मूळ मुद्द्याला हात घातला.

"तुम्ही लिहान 'गुडघ्याले धडक मारू नये'. पंच वाचन 'गुडघा'. आमचा पोऱ्या कायद्याने गुडघा पकड करन, तरी हा शिट्टी वाजवन. गुडघा पकड हा डाव हाये, साहेब. नाव पडेल आहे त्याचं. गुडघा शब्द मले कागदावर नको."

आणि इथे जोगळेकर सर उठले.

सर समितीचे सचिव. मूळचे रत्नागिरीकडचे, धुळ्याच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. ठरावात अनुस्वार चुकला तरी ते अस्वस्थ होत. त्यांच्या अंगात खोट नव्हती. होती ती शब्दांवरची श्रद्धा.

"नानांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "गुडघा हा शब्द डावाच्या नावात अडकलाय. पण मराठी काही एवढी दरिद्री नाही. दुसरा शब्द घेऊ." त्यांनी चष्मा नाकावर बसवला आणि सावकाश सांगितलं, "ढोपराची धडक देणाऱ्या बचावपटूस बाद ठरवावे व चढाई करणाऱ्यास एक गुण द्यावा."

नानांनी मान वाकडी केली. "ढोपराची?"

"ढोपराची."

"पकड करायले बंदी नाही?"

"पकडीचा उल्लेखच नाही. फक्त ढोपराची धडक."

नानांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. "मंग पहिलेच असं सांगायचं ना, सर! हे मान्य. ढोपर मारनं काही मर्दाचा खेळ नाही. आमचे पोरं तसे खेळतच नाही. लिहा. माह्या पाठिंबा लिहा."

अर्धी दुपार अडलेली गाडी एका शब्दावर सुटली. मला नानांबद्दल फार आदर वाटला. विरोध करणारा माणूस नीट समजावलं की असा उमदेपणाने मागे येतो, अशी एक सुखद समजूत मी करून घेतली. अप्पासाहेबांनी माइक जवळ ओढला आणि एकमत या विषयावर भाषण केलं. खानदेशच्या मातीत मतभेद असतील पण मनभेद नाहीत, वगैरे. फोटो निघाला. मी आणि नाना हातात हात घालून उभे आहोत. टेबलामागे आम्हा सगळ्यांचे गुडघे हिरव्या कापडाआड होते.

दुसऱ्या दिवशी मी मिलिंदला सांगितलं, नियम झाला. त्याने विचारलं, "पक्का?" मी म्हटलं, "एकमताने."

अंतिम सामना एरंडोलला होता. अप्पासाहेब पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेले आणि तिथून मिरवणुकीने मैदानावर आले. ढोल, फेटे, तुताऱ्या. उन्हात उभे राहिलेले खेळाडू एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत वाट बघत होते. नाशिकचे साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत. साधा, मितभाषी माणूस. हारांचा कार्यक्रम चालू असताना त्यांनी हळूच विचारलं, "इथे कबड्डी पण होते ना?"

समोरासमोर मिलिंदचा संघ आणि नानांचा संघ. शिट्टी वाणी सरांकडे होती. कबड्डीतल्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. वाणी सर रावेरकडचे, शाळेत पी.टी. शिकवणारे, कडक आणि सरळ. त्यांनी दोन्ही संघांना रांगेत उभं केलं आणि नवा नियम मोठ्याने वाचला.

"ढोपराची धडक चालणार नाही. गडी बाद, वरून एक गुण. ऐकलं?"

"ऐकलं, सर."

गोकुळने तर मान दोनदा हलवली. सामना सुरू झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो जरा विचित्र उभा आहे. दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवलेली, दोरीने बांधल्यासारखी. मला वाटलं, मोठ्या सामन्याचं दडपण.

मिलिंद त्या दिवशी सुंदर खेळला. आधीच्या सामन्यांत तो उजवा पाय चोरायचा, त्या बाजूला एक डोळा ठेवून असायचा. त्या दिवशी नाही. मोकळा खेळत होता. एका चढाईत त्याने तिघांना टिपलं आणि वळताना प्रेक्षकांकडे बघून हसला सुद्धा. नाशिकचे साहेब खुर्चीत पुढे सरकले. "हाच का तो?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं, आणि स्वतःच्या मुलाचं कौतुक ऐकावं तसा बिल्ल्यासकट ताठ बसलो.

उत्तरार्धात तो पुन्हा आत गेला. स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे समोर तोंड करून उभ्या गोकुळच्या डाव्या कोपऱ्यात, त्याने खोल पाय टाकला, एकाला शिवला आणि परत फिरला. उजवं पाऊल मातीत रोवलेलं, सगळं वजन त्याच्यावर. गोकुळ खालून आला. कोपरं बरगड्यांना तशीच चिकटलेली. हात बाहेर काढले नाहीत, त्यामुळे धरायला काही नव्हतंच. आला तो नुसता खांदा. गुडघ्यावर, बाहेरून आत.

असा आवाज मी ऑपरेशनच्या टेबलावरही ऐकलेला नाही. ओली काठी मोडावी तसा.

वाणी सरांनी शिट्टी वाजवली आणि गुण नानांच्या संघाला दिला.

मी मैदानात धावलो तेव्हा जोगळेकर सर माझ्याही पुढे होते. त्या वयात ते एवढे धावू शकतात हे मला माहीत नव्हतं.

"वाणी! नियम! ढोपराची धडक आहे ही!"

"कुठे लावलं त्याने ढोपर?" वाणी सर म्हणाले. "माझं पूर्ण लक्ष होतं. ढोपर अंगाला चिकटवून होता तो."

"अहो, त्याचं नाही, याचं ढोपर!" सरांनी खाली वाकून स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "हे! हे ढोपर!"

वाणी सर त्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात दुमडला आणि कोपराचं हाड पुढे केलं. "सर, ढोपर हे."

नाना पोहोचले होते. त्यांनी एकदा सरांच्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा वाणींच्या कोपराकडे. "याले तं टोंगळा म्हनता," ते गुडघ्याकडे बोट करून म्हणाले, पण आवाजात वादाचं काही नव्हतं. चेहरा उतरत चालला होता. "सर, तुमच्याकडे याले ढोपर म्हनता का?"

"सगळीकडे म्हणतात!"

"आमच्याकडे नाही म्हनत ना, सर."

गोकुळ बाजूला उभा होता. तो रडत होता. "मी ढोपर लावलंच नाही, नाना. तुम्ही सांगितलं व्हतं तसंच खेळलो. विचारा कोनालेबी." त्याचं खरं होतं. त्याने नियम अगदी मन लावून पाळला होता. तो पाळण्यासाठी हात आवळून ठेवले, आणि हात आवळल्यामुळेच पकडीची धडक झाली.

माझ्याबद्दल म्हणायचं तर मी धुळ्याचा. घरी आम्ही गुडघा म्हणायचो. ढोपर हा शब्द मला पुस्तकांतून माहीत होता, आणि पुस्तकं लिहिणारे बहुतेक जोगळेकर सरांच्या बाजूचे असावेत. त्यामुळे मला शंका आली नव्हती. नानांना आली नव्हती, कारण त्यांच्या घरात तो शब्द रोजचा होता. दोघंही प्रामाणिक होतो. सगळीच समिती प्रामाणिक होती.

तिघांचा वाद चालू असताना मिलिंद त्यांच्या पायांत पडलेला होता. मी गुडघा किंचित वाकवला, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने पोटरी पुढे ओढून पाहिली. दोऱ्या शाबूत असल्या की पाय जागचा हलत नाही. मिलिंदचा पाय टेबलाच्या खणासारखा पुढे आला. आतली पट्टी गेली होती, आणि आता दोरीही.

"सर, नियम होता ना?" तो म्हणाला.

"होता," मी म्हटलं.

भोंग्यातून अप्पासाहेबांचा आवाज आला. ढोपर या शब्दाच्या अर्थाबाबत त्रिसदस्यीय समिती नेमण्यात येत असून प्रेक्षकांनी शांतता राखावी. लोक हसले. त्यांना पडलेला माणूस दिसत नसावा, आम्ही सगळे भोवती उभे होतो.

स्ट्रेचर येईपर्यंत नाशिकचे साहेब जवळ येऊन थांबले. "डॉक्टर, उभा राहील?"

"आज नाही."

"या हंगामात?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्यांनी एक आठवडा वाट पाहिली असती, मग कळलंच असतं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मिलिंदकडे पाहिलं. "फार चांगला होता," ते म्हणाले. 'होता' हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नसेल. मिलिंदने तो ऐकला.

आता अशा गुडघ्याचं ऑपरेशन दुर्बिणीतून होतं आणि खेळाडू परत मैदानात उतरतात. तेव्हा धुळ्यात तशी सोय नव्हती. मुंबईला मोजके लोक मोठा छेद घेऊन करायचे, आणि त्यानंतर खेळायला मिळेल याची हमी तेही देत नसत. मी एकाशी बोललो. चालण्यापुरता पाय प्लास्टर आणि व्यायामाने होईल, असं तो म्हणाला. तसंच झालं.

वॉर्डात शांताबाईंनी मला नियम, शब्द, समिती यांतलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मांडी घालीसन जेवाले बसता ई का त्याले?"

"येईल," मी म्हटलं. त्या सगळ्या प्रकरणात मी दिलेला हा एकच शब्द खरा ठरला.

मिलिंदने मात्र एकदा विषय काढला. मी वाळूची पिशवी बांधत होतो. तो छताकडे बघत म्हणाला, "सर, मी गोकुळला येताना पाहिलं होतं."

मी पिशवी खाली ठेवली.

"डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. एरवी मी उडी मारली असती. पण म्हटलं, नियम आहे. हा आता हात लावेल फक्त."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं.

रघुनाथनाना एके दिवशी केळीचा अख्खा घड घेऊन आले. बरोबर गोकुळ. तो मिलिंदच्या कॉटशेजारी बसला आणि दोघं कुठल्यातरी तिसऱ्याच संघाला नावं ठेवू लागले. नाना माझ्या खोलीत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डॉक्टर, तुम्ही मले टोंगळा म्हटलं असतं, तं मी भांडलो असतो."

"माहीत आहे."

"मरेलोक भांडलो असतो. नियम होऊ दिला नसता."

"तेच बरं झालं असतं, नाना."

त्यांनी मान डोलावली. नियम झाला नसता, तर मिलिंद आधीसारखा तो पाय चोरत खेळला असता, त्या कोपऱ्यावर डोळा ठेवून. गोकुळने हात मोकळे ठेवून त्याची पकड केली असती. कदाचित तरीही गुडघा गेला असता. पण मिलिंदने उडी मारून बघितली असती.

पुढच्या वर्षी नियमात गुडघा आला. सूचना नानांचीच. जोगळेकर सर त्या बैठकीत फारसं बोलले नाहीत. निघताना मला म्हणाले, की शब्दकोशात दोन्ही अर्थ दिलेले आहेत; त्यांनी आधी तो उघडायची गरजच मानली नव्हती, कारण शब्द त्यांना येत होता. त्रिसदस्यीय समितीचा अहवाल आला की नाही, मला कल्पना नाही. अप्पासाहेबांनी सुधारित नियमावर पुन्हा एकमताचं भाषण केलं. तेच भाषण होतं.

मिलिंद सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात काम करतो. जिना उतरताना कधीकधी गुडघा निसटतो म्हणून दाखवायला येतो. आमचं बोलणं क्रिकेटवर होतं, पावसावर होतं. कबड्डीचा विषय दोघंही काढत नाही.

माझ्यापुरता मी एक धडा घेतला. तो कुठल्याही पुस्तकात लिहिण्याइतका मोठा नाही. पेशंट टेबलावर बसला आणि "डॉक्टर, ढोपर दुखतंय" म्हणाला, किंवा टोंगळा, किंवा गुडघा, किंवा अगदी इंग्रजीत 'नी' म्हणाला, तरी मी लिहायला घेत नाही. नाव सांगू नका, म्हणतो. बोट ठेवा.